अक्रोडाच्या जागेवर गॅरी

माझी मुलगी टेस पांढरं खाते. दूध, पाव, नूडल्स, भात आणि केळं. केळंसुद्धा त्यावर एकही डाग नसेल तरच. डाग दिसला की ती केळं खाली ठेवते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिला विषप्रयोग करताना रंगेहाथ सापडले आहे. अडीच वर्षांच्या आयुष्यात तिनं पोटात घातलेली एकमेव रंगीत वस्तू म्हणजे एक जांभळा खडू. तो भाजीत धरायचा का, असं मी आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं होतं. त्यांनी नुसताच चष्मा पुसला.

बाकीच्यांची मुलं अर्थातच सगळं खातात. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं, तिथे शेजारच्या ट्रिशाचा मेसन कच्ची ढोबळी मिरची सफरचंदासारखी कडाकडा खातो आणि ट्रिशा वैतागल्याचं सोंग करते. "काय करू गं या पोराचं! केक ठेवला तर बघत नाही, सारखं आपलं मिरची दे, मिरची दे." मग माझ्या टेसच्या ताटलीतल्या पांढऱ्या नूडल्सकडे बघते आणि मायेनं म्हणते, "खाते ना पण काहीतरी? झालं तर मग."

त्या "झालं तर मग"नं मला रात्र रात्र झोप येत नाही.

तर आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "मुलांनी स्वतःच्या हातानं रोप लावलं ना, की त्याची भाजी ती हमखास खातात. तसं संशोधन आहे." मी कॉलेज शिकलेली बाई. 'संशोधन' हा शब्द ऐकला की मी आपोआप ताठ बसते. घरी येताना गाडीतच माझं ठरलं, की परसात भाजी लावायची, आणि भाजी म्हणजे टोमॅटो. आमच्या आयोवा राज्यात ज्याच्या परसात टोमॅटो नाही त्याच्याकडे लोक, विमा न काढलेल्या माणसाकडे बघावं, तसे बघतात.

घर आम्ही हिवाळ्यात घेतलं होतं आणि बर्फाखाली सगळ्यांची परसं सारखीच दिसतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा आमच्या परसात दोन गोष्टी निघाल्या. एक, भरपूर ऊन. दोन, जेवणाच्या टेबलाएवढे रुंद तीन बुंधे. आधीचे मालक ऑरव्हिल यांनी तिन्ही झाडं लाकूडवाल्याला विकली आणि ते ॲरिझोनाला ऊन खायला निघून गेले होते. झाडं कसली होती, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी तत्त्वज्ञान शिकले. रानात झाड पडलं आणि ऐकायला कोणी नसलं तर आवाज होतो का, यावर आम्ही अख्खं सत्र घालवलं होतं. ते झाड कसलं होतं, हे एकाही प्राध्यापकानं विचारलं नव्हतं.

मी बुंध्यांच्या मधली जागा खणायला घेतली तशी कुंपणापाशी मंडळी जमली. उजवीकडच्या लव्हर्नबाई, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे नवीन, बाकी सगळं मूळचं. आणि डावीकडचा डॉन, ट्रिशाचा नवरा, जो गवत कापायच्या यंत्रावर बसूनच लहानाचा मोठा झाला असावा.

"टोमॅटो का?" लव्हर्नबाईंनी विचारलं.

"टोमॅटो," मी म्हणाले. "टेस स्वतः लावणारे."

लव्हर्नबाईंनी बुंध्यांकडे पाहिलं. डॉननं बुंध्यांकडे पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हं," लव्हर्नबाई म्हणाल्या. "वेगळंच आहे हो काहीतरी."

"वेगळं आहे खरं," डॉन म्हणाला आणि यंत्र सुरू करून निघून गेला.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे वाईटाला कोणी वाईट म्हणत नाही. तुमच्या घराला आग लागली तर शेजारी दारावर टकटक करून म्हणतील, "आज जरा ऊब आहे नाही तुमच्याकडे?" त्यामुळे 'वेगळंच आहे' ही निंदेची शेवटची पायरी. याआधी ते शब्द मी ऐकले होते ते पाद्रीसाहेबांच्या पत्नीनं लिंबाच्या जेलीत मासे घालून आणले होते तेव्हा. त्या वर्षभर चर्चच्या स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत.

म्हणजे काहीतरी भयंकर चुकलं होतं. पण काय? विचारायची सोय नाही. 'वेगळं म्हणजे काय' असं विचारणं म्हणजे समोरच्याला खरं बोलायला भाग पाडणं, आणि तेवढा उर्मटपणा आमच्यात कोणी करत नाही. मी घरात जाऊन आरशासमोर उभी राहिले. टोपी! नवऱ्याची, मक्याच्या बियाणांच्या कंपनीनं फुकट दिलेली, पिवळीधम्मक टोपी. मी टोपी बदलली. दुसऱ्या दिवशी लव्हर्नबाई पुन्हा कुंपणापाशी येऊन "वेगळंच आहे" म्हणाल्या, तेव्हा मी ओळी दोरी लावून सरळ केल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा फावडं बदललं. माझा नवरा कर्ट म्हणाला, "अगं, त्यांना आपली माणसंच वेगळी वाटत असतील." कर्टचं सांत्वन हे असं असतं.

टेसनं रोपं लावली. एकूण सहा. पण जीव जडला तो कोपऱ्यातल्या, सगळ्यांत बुटक्या रोपावर. त्याचं नाव तिनं ठेवलं गॅरी. गॅरी हा आमचा पोस्टमन. तो रोज तिला गाडीतून हात करतो, आणि तिच्या मते जगातल्या चांगल्या गोष्टींची नावं गॅरीच असायला हवीत. सकाळी उठल्या उठल्या ती पायजम्यातच परसात जायची, छोट्या झारीनं गॅरीला पाणी घालायची आणि त्याची पानं थोपटायची. मी खिडकीतून बघत बसायचे. एवढा लळा! आता खाईलच. संशोधन आहे.

तिसऱ्या आठवड्यात गॅरीनं मान टाकली.

"गॅरी झोपला," टेस म्हणाली.

"दमला असेल," मी म्हणाले आणि ती आत गेल्यावर त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत तो अधिकच आडवा झाला.

मग सल्ले सुरू झाले. आमच्याकडे सल्ला सरळ देत नाहीत. 'आमच्या एका ओळखीच्यांनी असं केलं होतं बाई' अशा वळणानं देतात. लव्हर्नबाईंच्या ओळखीच्यांनी अंड्याची टरफलं घातली होती. ट्रिशाच्या ओळखीच्यांनी कॉफीचा चोथा. डॉनच्या ओळखीच्यांनी पाणी पूर्ण बंद केलं होतं, आणि डॉनच्याच दुसऱ्या ओळखीच्यांनी दुप्पट केलं होतं. मी सगळं केलं. गॅरीच्या मुळाशी टरफलं, चोथा, कर्टचे कापलेले केस आणि अर्धा डबा बिअर अशी सोय झाली. एखाद्या कॉलेजच्या पोराची सुट्टी असावी, तसा तो वाफा दिसत होता. गॅरी मेला.

टेस तेव्हा दुपारची झोपली होती. मी गाडी काढली, रोपवाटिकेत जाऊन त्याच उंचीचं रोप आणलं आणि ती उठायच्या आत बदललं.

"गॅरी उठला!" टेस म्हणाली.

तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. पण ज्या आईनं आपल्या पोराला कधी घासभर गाजर खाताना पाहिलेलं नाही, तिच्या हातून काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. दुसरा गॅरी गेला. तिसरा आणला. तिसरा जरा उंच होता, तर मी त्याला खोल पुरला. चौथ्याच्या वेळी रोपवाटिकेतल्या बाईंनी हळूच विचारलं, "मोठी बाग दिसते तुमची?" मी म्हणाले, "हो. वाढते आहे."

याच सुमारास चर्चमध्ये घोटाळा झाला. प्रार्थनेच्या शेवटी पाद्रीसाहेब विचारतात, कोणासाठी विशेष प्रार्थना करायची आहे का. टेस बाकावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गॅरी मरतो आणि परत उठतो."

मी तिला खाली ओढत म्हणाले, "म्हणजे, गॅरीची तब्येत जरा…" पुढे 'तो टोमॅटो आहे' असं भर चर्चमध्ये म्हणायला माझी जीभ वळली नाही. तेवढ्यात पाद्रीसाहेबांनी डोळे मिटलेसुद्धा. "आपले पोस्टमन, बंधू गॅरी, यांच्या हृदयविकारासाठी…"

बंधू गॅरी शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी उठून 'मी बरा आहे' म्हणावं की नाही? पण एवढे लोक मनापासून प्रार्थना करत असताना मध्येच बरं असल्याचं सांगणं त्यांना बरं वाटलं नसावं. त्यांनी मान खाली घातली आणि आमेन म्हटलं. आठवडाभर गावानं त्यांच्या दारात नूडल्स-चीजची झाकलेली भांडी नेऊन ठेवली. पुढच्या सोमवारी ते माझ्या हातात पत्रं देताना हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? तुम्हाला डॉक्टरांकडून काही कळलं होतं का माझ्याबद्दल?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वाफ्याकडे वाकून बघितलं. "अच्छा, हा मी होय," म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

लव्हर्नबाईंनी मग हरणांवर संशय घेतला. "हरणं काही सांगून येत नाहीत," त्या म्हणाल्या. मी वाफ्याभोवती माझ्या डोक्याहून उंच जाळी लावली. खांब पुरायला डॉन आला, शिडी त्यानंच धरली, वर लिंबू सरबत प्यायला. चारच दिवसांनी नगर कार्यालयातून बोलावणं आलं, की तुमच्या जाळीबद्दल 'एका नागरिकानं' तक्रार केली आहे.

"कोणी?" मी डॉनला विचारलं.

"काय माणसं असतात एकेक," डॉन माझ्या बुटांकडे बघत म्हणाला.

नगर कार्यालयात मला कळलं, की जाळी जनावरांसाठी असेल तर तिला उंचीची मर्यादा नाही, पण मग जनावर आत असावं लागतं, बाहेर नाही. शोभेसाठी असेल तर कमरेएवढीच. भाजीसाठी असेल तर त्याचा नियमांत उल्लेख नाही, आणि ज्याचा उल्लेख नाही ते बघायला साहेबांना जागेवर यावं लागतं. साहेब म्हणजे हॅरलन फोख्ट. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले. अजूनही चालताना ताल धरत.

ते आले त्या दिवशी गॅरी, पाचवा, पुन्हा आडवा पडलेला. कुंपणावर लव्हर्नबाई, डॉन आणि मेसनला घेऊन ट्रिशा योगायोगानं हजर. टेस वाफ्याशी बसून गॅरीला गाणं म्हणून दाखवत होती. फोख्टसाहेबांनी जाळी मोजली, वाफा बघितला, बुंधे बघितले, पुन्हा वाफा बघितला. मग टेप गुंडाळत म्हणाले,

"हं. वेगळंच आहे."

आणि माझं डोकं फिरलं.

"वेगळं म्हणजे काय?" मी ओरडले. "काय वेगळं आहे? टोपी बदलली! फावडं बदललं! सांगा ना सरळ, काय वेगळं आहे?"

मी सांगते, मी त्या जागी कपडे काढून नाचले असते तरी एवढी दचकली नसती ती माणसं. ट्रिशानं मेसनचे कान झाकले. डॉननं आकाशाकडे पाहिलं, पाऊस येतोय का म्हणून. शेवटी लव्हर्नबाईच म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात:

"अगं, काळ्या अक्रोडाची झाडं होती ना इथे."

"मग?"

"अक्रोडाच्या मुळांत विष असतं बाळा. त्याच्या जागेवर टोमॅटो जगत नाही. बटाटा नाही, मिरची नाही, वांगं नाही. झाड तोडलं तरी मुळं कुजेपर्यंत तसंच. वर्षानुवर्षं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ते सगळ्यांनाच माहीत असतं," डॉन म्हणाला. "ऑरव्हिलनं दोनदा लावले होते. दोनदा गेले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की!" लव्हर्नबाई खरोखर दुखावल्या. "रोज येऊन सांगत होते! आणखी किती स्पष्ट सांगायचं माणसानं? नाक खुपसणारी म्हातारी म्हटलं असतंस मला."

"आणि ती टरफलं? तो चोथा?"

"तू एवढी मनापासून करत होतीस," ट्रिशा म्हणाली, "म्हटलं काहीतरी मदत करावी."

मी यावर काहीतरी कायमचं लागेल असं बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण एवढ्यात त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात जाऊन आपटला. विष. मी वळून टेसकडे पाहिलं. टेसच्या तोंडाभोवती काळं कडं होतं. ती माती खात होती.

विषबाधेच्या मदतकेंद्राला मी स्वयंपाकघरातून फोन लावला. माझ्या मागे फोख्टसाहेबांसह सगळा लवाजमा आत आला होता आणि जमेल तेवढ्या हळू श्वास घेत होता. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, किती खाल्ली, मूल शुद्धीवर आहे का, उलटी झाली का.

"मूठभर असेल. अक्रोडाची माती आहे हो ती! आणि तिच्यात अंड्याची टरफलं आहेत. कॉफी आहे. केस आहेत. थोडी बिअरसुद्धा आहे."

"एवढ्या मातीनं काही होत नाही," बाई म्हणाल्या. "पाणी पाजा, लक्ष ठेवा. आणि… ती एरवी नीट जेवते ना?"

मी आभार मानून फोन ठेवला. माझ्या मुलीनं खडूनंतर खाल्लेला दुसरा रंगीत पदार्थ म्हणजे केसाळ माती, ही गोष्ट सरकारी नोंदीत जावी असं मला वाटत नव्हतं.

त्यानंतर शेजाऱ्यांना पश्चात्ताप झाला, आणि आमच्याकडचा पश्चात्ताप नेहमी ताटलीतून येतो. ऑगस्ट लागला तशी माझ्या पायरीवर टोमॅटोंची रास पडू लागली. लव्हर्नबाईंचे, डॉनचे, फोख्टसाहेबांचे. एक पिशवी तर बंधू गॅरींची. लालबुंद, रसाळ, माझ्या एकाही गॅरीला जमले नाहीत असे. मी त्यातला सगळ्यांत सुंदर निवडला, कापला, मीठ लावलं आणि टेससमोर ठेवला. "बघ टेस! टोमॅटो!"

टेसनं त्या फोडींकडे बघितलं.

"गॅरीला कापलं," ती म्हणाली.

मग ती जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. संशोधनात या मुद्द्याचा विचार झालेला दिसत नाही. ज्याला पाणी घातलं, गाणी म्हटली, ज्याच्यासाठी अख्ख्या चर्चनं प्रार्थना केली, त्याला मीठ लावून कोण खाईल? मी तिला असं काही दिलं होतं, की आता ती जन्मात टोमॅटो खाणार नव्हती. पांढऱ्यातलं केळंसुद्धा त्या आठवड्यात तिनं दोनदा नाकारलं. मी रोज तिचं वजन करायला लागले. कर्टनं वजनाचा काटा माळ्यावर ठेवला. मी तो खाली काढला.

लव्हर्नबाईंनी त्यानंतर मला एकदाच, पण न वळता, समोर बघत सरळ सांगितलं: "अक्रोडाच्या जागी कांदा, घेवडा आणि बीट होतं. बाकी काही लावू नकोस." एवढं बोलून त्या लालेलाल झाल्या आणि घाईनं घरात गेल्या. नंतर दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी माझ्यासमोर जवळजवळ शिवी दिली होती. मी निमूटपणे बीट लावलं, कारण बियांचं पाकीट हाताशी होतं आणि तण काढण्यापेक्षा ते बरं. टेसला मी या वेळी हात लावू दिला नाही. नाव ठेवायचं नाही, गाणं म्हणायचं नाही, जाळीच्या आत यायचंच नाही. एवढी सक्त मनाई मी आयुष्यात कशाचीच केली नव्हती. बीट काय, मुलं खात नाहीतच. मोठी माणसंसुद्धा नाइलाजानं खातात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी टेसचा लंगोट बदलायला घेतला.

लाल. लालभडक.

पुढचं मला नीट आठवत नाही. कर्टला फोन केला, पण काय बोलले ते त्यालाही कळलं नाही. डॉननं आम्हाला त्याच्या गाडीत घातलं, वाटेत सगळे सिग्नल तोडले, आणि डॉन हा गवतसुद्धा वेगमर्यादेत कापणारा माणूस. तालुक्याच्या दवाखान्यात त्या दिवशी एक नवीन, तरुण, झोपाळू डॉक्टर होता. मी त्याच्या टेबलावर तो लंगोट उघडून ठेवला आणि म्हणाले, "रक्त! माझ्या मुलीला रक्त जातंय."

त्यानं लंगोट बघितला. टेसचं पोट दाबलं. टेस हसली. त्यानं तिचे डोळे बघितले, कान बघितले. मग जरा विचार करून मला विचारलं,

"काल हिनं बीट खाल्लं होतं का?"

मी एवढी भेदरलेली असूनही मला राग आला. ह्या पोरसवद्या माणसानं आमचा इतिहास जराही माहीत नसताना काहीतरी विचारायचं म्हणून विचारावं?

"हे बघा डॉक्टर," मी म्हणाले, "माझी मुलगी भाजी खात नाही. आयुष्यात एकदाही खाल्लेली नाही. पांढरं खाते. तज्ज्ञांना दाखवून झालंय, संशोधन करून झालंय, चर्चमध्ये प्रार्थना करून झालीये. तुम्ही तिला बांधून ठेवलंत तरी ती बीटला तोंड लावणार नाही. बीटच्या वाफ्याजवळसुद्धा जायचं नाही अशी तिला ताकीद आहे."

"अच्छा," डॉक्टर म्हणाला. "टेस, आ कर बरं."

टेसनं आ केला.

तिची जीभ किरमिजी होती. दातांच्या फटींत किरमिजी. आणि खालच्या दोन दातांच्या मध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, एक बारीकसं बीटचं पान अडकलेलं होतं.

दाराशी उभ्या असलेल्या डॉनच्या तोंडून 'अरे देवा' निघालं. मी खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खुर्ची होती म्हणून बरं. डॉक्टरनं हातमोजे काढले, माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला आणि जरा काळजीनं विचारलं,

"कच्चंच खाल्लेलं दिसतंय. न धुता, पानासकट. बाजारातलं होतं का?"

मी पाणी प्यायले. टोपी सरळ केली. मान ताठ केली.

"नाही हो," मी म्हणाले. "घरचं आहे."